मामांच्या हातची बरणी

तीन आठवड्यांपूर्वी जुन्या प्रयोगशाळेच्या ग्रुपवर निरोप आला, 'बाजीराव खरात गेले.' कोण बाजीराव? मी पुढचा मेसेज वाचायलाही लागले. मग खाली फोटो दिसला... अगं बाई, हे तर आपले मामा! सांगलीत सहा वर्षं रोज हाक मारली, पण शिपायाचं नाव काय हे कधी विचारलं नाही. लाज वाटली, पण खरी लाज वेगळीच आहे.

कॅन्सरच्या रुग्णाला किरण देण्याआधी ते नेमके कुठे आणि किती पडतील, हे तपासायला आम्ही जेल बनवत होतो. जिलेटिनमध्ये रसायन मिसळून बरणीत भरायचं. किरण पडतील तिथे ते पांढुरकं होतं आणि एमआरआयवर त्याचं माप मिळतं. वैरी एकच, हवा. ती शिरली की माप चुकलंच. म्हणून बरण्या मामाच भरायचे. काठोकाठ भरून, झाकण आवळून, वर टेप गुंडाळून म्हणायचे, "आता मुंगीबी जायाची न्हाई."

मुंबईचे तज्ज्ञ बघायला येणार होते, त्या सकाळी मला राहवलं नाही. दही लागलंय का बघतो ना, तशी बरणी उघडून मी जेल बसलंय का पाहिलं. बोटाने दाबूनसुद्धा! मग झाकण लावलं, टेप गुंडाळली. किरण देऊन संध्याकाळी एमआरआय केला, तर वरचा भाग कोराच निघाला. माझे गाईड सर सगळ्यांदेखत मामांवर कडाडले, "एक झाकण नीट लावता येत नाही?" मी खाली मान घालून उभी. पीएचडी अडकली असती ना माझी... मामा एवढंच म्हणाले, "चुकलं आसंल, सायेब." दुसऱ्या दिवसापासून त्यांना भांडारात बसवलं. पुन्हा कुणी त्यांना बरणीला हात लावू दिला नाही.

मी डॉक्टर झाले, बारा वर्षं गेली. गेल्या दिवाळीत सातारा स्टँडवर मामा भेटले, दहिवडीच्या गाडीची वाट बघत बसलेले. लेकरंबाळं, शेरडं, सगळ्यांची चौकशी केली मी. बरणीचं तेवढं सोडून सगळं बोलले. शेवटी तेच म्हणाले, "ताई, त्या बरणीची टेप तुमी गुंडाळल्याली. मी डावरा, माजी उलटी बसती. मला तवाच कळलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी सांगशीला म्हणून थांबलो हुतो."

रागावले असते तर बरं झालं असतं. "सरांना सांगते," म्हटलं. "सांगा की," म्हणाले आणि गाडीत चढले. तेही मी आज-उद्या करत ढकललं. सर निवृत्त झालेत, आता कशाला उकरायचं, असं स्वतःला समजावत राहिले.

परवा फोन केला. सरांना मामा आठवेनात. मीच सगळं सांगितलं, बरणी कुणी उघडली तेही. ते म्हणाले, "अगं, त्याला माहीत होतं हे?"

"हो," म्हटलं, "तेव्हाच."