नवा कॅमेरा वाजत नाही

मेडशीला भाचीच्या लग्नात तो फोटोवाला भेटला. कॅमेरा नवाकोरा, गडी मात्र गोंधळलेला. जुन्या कॅमेऱ्याचा खटका वाजायचा, हा मुकाच. आहेर देऊन आमच्या आत्याबाई नवरानवरीशेजारी श्वास रोखून उभ्या होत्या.

"फोटो काढून राह्यला का नाही रे?"

"काढला ना, माय!"

"मंग वाजला काहून नाही?"

त्यानं बटणं दाबून पाहिली, कॅमेरा कानाशी नेला. "मलेबी समजून नाही राह्यलं," तो मला हळूच म्हणाला. शेवटी त्यानं फोटो काढताना जिभेनंच 'टॉक' केलं. आत्याबाई समाधानानं स्टेजवरून उतरल्या.

पंगती उठल्यावर तो रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढत होता. जवळपास कोणीच नव्हतं. तरी त्यानं 'टॉक' केलं, आणि मगच श्वास सोडला.