साडूचे टायर

लोक एकमेकांवर जळतात ते घरावरून, शेतावरून, नोकरीवरून. मी माझ्या साडूवर जळलो ते टायरवरून. तेही काही परदेशी कंपनीचे उंची टायर नव्हते. भाड्याची गाडी चालवणारे आमच्यासारखे लोक घेतात ते मधल्या भावातले, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेल्या रिमोल्डपेक्षा बरे आणि डॉक्टर लोकांच्या गाड्यांना असतात त्यांच्यापेक्षा खालचे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघंही अड्याळच्या स्टँडवर गाडी लावतो. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, दोन्ही पांढऱ्या. मला या धंद्यात वीस वर्षं होऊन गेली. तो आधी राईस मिलमध्ये होता, गाडी शिकला ती माझ्या शेजारी बसून, माझ्या शिव्या खाऊन. एवढं असूनही हळूहळू स्टँडवर लोक मला ओलांडून त्याच्या गाडीकडे जायला लागले. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या, शाळेच्या बाई, पोटाचं ऑपरेशन झालेले लोक. माझ्या खिडकीशी येऊन मलाच विचारायचे, "तुमचे साडभाऊ नाही आले का जी आज?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण तोंडाने म्हणायचो, येतीलच इतक्यात.

टायरचं असं झालं. आम्ही दोघांनी एकाच महिन्यात, भंडाऱ्याच्या एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे चार-चार टायर टाकले. ती कंपनी त्याला मीच सांगितली होती. वर्ष-दीड वर्षात माझ्या टायरचा मधला पट्टा घासून सपाट होत आला, आणि त्याच्या टायरवरच्या खाचा अजून अंगठ्याचं नख बुडेल एवढ्या खोल. सवारी नसली की स्टँडवरचे ड्रायव्हर हेच करतात, एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरून खाचांत नख घालून पाहतात. मग चर्चा. एक म्हणे, हे टायर चिखलात पकड सोडत नाहीत पण जुने झाले की आवाज करतात. दुसरा म्हणे, गोसीखुर्दच्या कालव्याच्या रस्त्याला गोटा लागला की बाजूने चिरतात. तिसरा म्हणे, या भावात आणखी काय सोनं लावून देतील का. आणि शेवटी सगळे साडूच्या चाकापाशी येऊन थांबायचे, माझ्या चाकाकडे एकदा बघायचे आणि गप्प व्हायचे. ते गप्प होणं मला शिवीसारखं लागायचं.

मी सगळ्यांना सांगत सुटलो की दुकानदाराने मला गोदामातला जुना माल दिला आणि त्याला ताजा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, त्यावरून तो कोणत्या वर्षी, कोणत्या आठवड्यात बनला ते कळतं. एकदा साडू चहाला गेलेला पाहून मी त्याच्या गाडीपाशी उकिडवा बसलो आणि ते आकडे वाचले. मग माझ्या गाडीचे वाचले. तोच आठवडा होता. त्या दुपारी मला डबा गेला नाही.

फरक कशाचा आहे हे मला अगदीच कळत नव्हतं असंही नाही. मी चाकात चाळीस पॉइंट हवा ठेवायचो, आणि जास्त हवेने टायर मधोमधच घासतो. माझ्या उस्तादाने जीपच्या काळात, जेव्हा आत नऊ आणि मागे लटकलेले सहा असायचे तेव्हा, शिकवलं होतं की टायर टणक पाहिजे, गाडी हलकी पळते. साडू मात्र गाडीच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद वाचून तेहतीसच भरायचा. हवा मोजायचं यंत्र त्याने स्वतःचं घेतलं होतं. कपड्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या खणात ठेवायचा आणि रोज सकाळी, गाडी जागची हलण्याआधी, चारही चाकं मोजायचा. मी त्याला चारचौघांत कंपाउंडर म्हणायला लागलो. "चाकाचं बीपी पाहून राहिला का रे बापू?" सगळे हसायचे. तोही हसायचा, आणि त्याचं ते हसणं माझ्या अंगाचा तिळपापड करायचं. रागावला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

मागच्या पावसाळ्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली. सासर नाकाडोंगरीकडे, तिथून मीच तिला घेऊन आलो होतो. धानाच्या रोवणीचे दिवस. शेताच्या बांध्यांतून चिखल करून निघालेले ट्रॅक्टर लोखंडी चाकांसकट डांबरी रस्त्यावर चढत होते आणि रस्त्याची चाळण करत होते. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याला दाखवायला सांगितलं आणि वर बजावलं की बाळ खाली सरकलं आहे, गाडी आदळू देऊ नका. पहिल्या खेपेला ती माझ्या गाडीत आली. मी माझ्या हिशेबाने अगदी हळू चालवत होतो. बायको मागून दोनदा म्हणाली, "हळू चालवा ना."  मुलीने दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि भंडारा येईपर्यंत सोडलं नाही. मी आरशात बघितलं तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी सगळा दोष रस्त्याला दिला.

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी, सांजवेळी, स्टँडवर साडूची गाडी माझ्या पुढे लागली होती. तो पानटपरीवर कोणाशी बोलत होता. मी सवयीने त्याच्या चाकांकडे पाहिलं आणि मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा दिसला. चकचकीत डोकं, अगदी खाचेच्या मधोमध. हवा निघत नव्हती, पण रात्रभरात निघाली असती. अशा वेळी ड्रायव्हर काय करतो? हाक मारतो. भांडण असलेला माणूस असला तरी हाक मारतो, हा स्टँडचा कायदाच आहे. मी त्या चाकापाशी बराच वेळ उभा राहिलो. उद्या सकाळी त्याची गाडी बसलेली असेल, शाळेच्या बाई ताटकळतील, आणि मग बघू कोणाच्या टायरचं कौतुक होतं, असं मनात आलं आणि खरं सांगतो, पोटात गारवा पडला. मी काही न बोलता घरी आलो. त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी उठून मी गाडी धुतली, मागच्या सीटवर गोधडी दुहेरी करून अंथरली. मुलगी तयार होऊन बाहेर आली आणि ओट्यावरच थांबली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, राग नका येऊ देऊ. मी मावसाजीच्या गाडीत जाते."

मी म्हटलं, "काहून? आपली गाडी का मेली?"

"तुमची गाडी आदळते, बाबा. मागच्या खेपेले मले लय भेव वाटलं."

बायकोने कालच बहिणीला फोन करून ठेवला होता. साडूची गाडी फाटकाशी येऊन उभीच होती. म्हणजे मला सोडून सगळ्या घराला माहीत होतं. वीस वर्षं मी अख्ख्या गावाला दवाखान्यात पोचवलं, आणि माझी पोटची पोर दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडत होती. त्या क्षणी मी साडूचा जितका दुस्वास केला तितका आयुष्यात कोणाचा केला नसेल. आणि त्याच क्षणी मला तो खिळा आठवला.

मी गाडीकडे गेलो. मागच्या डाव्या चाकाला रस्त्याचा चिखल लागला होता, काही दिसेना. सांगायचं तर आता सांगायला हवं होतं. पण खिळा आहे म्हटलं की कधी पाहिला हे आलं, काल पाहिला म्हटलं की काल का नाही सांगितलं हे आलं, आणि मुलगी समोर उभी.  शेवटी एवढंच विचारलं, "हवा पाहिली का रे?"

"पायटेच पाहिली जी," साडू म्हणाला.

ती मागे बसली, बायको तिच्या शेजारी. दवाखान्याची पिशवी मी मुद्दाम माझ्या गाडीत टाकली आणि म्हटलं, सामान घेऊन मी मागून येतो. पिशवी कुठल्याही गाडीत मावली असती.

अड्याळहून भंडाऱ्यापर्यंत मी रिकामी गाडी घेऊन त्याच्या मागे गेलो. माझी नजर त्या एका टायरवर. तो बसला, वाटेत गाडी वाकडी झाली, मुलगी हिसका बसून पुढे आदळली, हे सगळं मी मनात दहादा बघितलं. वर्षभर ज्या टायरचं वाटोळं व्हावं म्हणून मी जीव जाळला, तो टिकावा म्हणून आता मी जीव मुठीत धरून बसलो होतो. आणि त्याच्या मागे इतका वेळ कधी राहिलो नसल्यामुळे त्याचं चालवणंही पहिल्यांदा नीट दिसलं. खड्डा यायच्या खूप आधी त्याचे मागचे लाल दिवे लागायचे. गाडी जवळजवळ थांबायची, मग एक चाक उतरायचं, मग दुसरं. मी आजवर खड्डा वेगात उडवत आलो, चाक खाली बसायच्या आत गाडी पुढे जाते या भरवशावर. एसटी आम्हाला ओलांडून गेली, दुचाकीवर दूधवाला ओलांडून गेला. मी सवयीने दोनदा हॉर्न वाजवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

भंडाऱ्याला दवाखान्यासमोर दोघी उतरून आत गेल्या. मी तसाच जाऊन त्या चाकापाशी बसलो आणि हाताने चिखल पुसला. खिळा नव्हता. त्या जागी पंक्चर काढल्यावर राहतो तो काळा रबराचा तुकडा होता. मान वर केली तर साडू मागे उभा.

"काल तुमी गेल्यावर पायला, सांजेलेच काढून घेतला जी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तुमी त्याच चाकापाशी उभे होते. टपरीवरून दिसून राहिले होते. मले वाटलं, दादा आता सांगन, मंग सांगन."

आवाजात राग नव्हता. मी काही बोलायच्या आत तो चहा आणायला निघून गेला, आणि येताना माझ्यासाठीही घेऊन आला. तो चहा मी प्यायलो. कसा लागला ते आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला त्याच दिवशी ठेवून घेतलं. दोन दिवसांनी नात झाली. दोघी सुखरूप. घरी सोडायच्या दिवशी नेमकी साडूला नागपूरची खेप होती, कोण्या पेशंटला आधीच शब्द दिलेला. म्हणजे मुलगी आणि तिची चार दिवसांची पोर माझ्याच गाडीतून येणार. हे आधीच्या वर्षभरात कधीही घडलं असतं तर मी छाती फुगवून स्टँडवर फिरलो असतो. आता मात्र मी खाली जाऊन आधी माझी चाकं बघून आलो. नागपूरला निघण्याआधी तो बाळाला बघायला दवाखान्यात आला, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"तुहं ते मशीन आण," मी म्हटलं. "माह्या चाकातली हवा पाय."

तो कंपाउंडर शब्द आठवून हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. गाडीतून यंत्र आणलं आणि एकेक चाक मोजत जास्तीची हवा सोडली. प्रत्येक चाकाशी बराच वेळ सुसू आवाज येत राहिला. दवाखान्यात जाणारे लोक वळून बघत होते. माझ्या टायरच्या घासलेल्या मधल्या पट्ट्यावरून त्याने एकदा तळहात फिरवला.  उठताना एवढंच म्हणाला, "खड्ड्याच्या आंधी ब्रेक लावा जी. खड्ड्यात गेल्यावर नाही." हे तो मला सांगत होता, ज्याला क्लच म्हणजे काय ते मी दाखवलं होतं. मी मान हलवली.

परत येताना मागे बायकोच्या मांडीवर नात आणि खिडकीला डोकं टेकून मुलगी. मी साडूच्या मागे बघितलं होतं तसंच्या तसं केलं. लांबूनच वेग कमी, मग एक चाक, मग दुसरं. मागून एकजण हॉर्न वाजवून वैतागून पुढे गेला, जाऊ दिला. गाडी माझी, टायर तेच झिजलेले, पण चालत होती वेगळी. मी आरशात बघितलं. मुलीचे हात मांडीवर सैल पडले होते आणि ती झोपली होती. इतकं समाधान मला धंद्यात कधी झालं नव्हतं. ती जागी झाली की काय म्हणेल याची मी वाट बघायला लागलो.

पहेला गाव मागे पडल्यावर एका वळणावर तिचं डोकं जरासं हललं. डोळे न उघडता, झोपेतच तिने विचारलं, "मावसाजी, अड्याळ आलं का?"

 मी आहे म्हणून सांग, तुझा बाप चालवून राहिला म्हणून सांग, असं आतून कोणी ओरडत होतं. आरशात बायको माझ्याकडेच बघत होती. मी तिच्यावरून नजर काढली. आवाज ओळखू येऊ नये म्हणून अगदी हळू "हं" म्हटलं. मुलगी पुन्हा झोपली. पुढे खड्डा होता, मी लांबूनच ब्रेकवर पाय ठेवला.