जलूल न्हाव्याचा गुरुवार

नेद्रोमा गावात जलूल न्हाव्यासारखा हट्टी माणूस दुसरा झाला नाही. एका खोगीर शिवणाऱ्याने आणि एका शाळामास्तराने काढलेल्या तिथल्या हौशी वाद्यवृंदात तो चौदाव्या वर्षी शिरला. अकरा वर्षं मागच्या रांगेत काढली, तेव्हा कुठे गजाने वाजवायचा रबाब हाती आला. सूर लिहिलेला कागद नाही, सगळं कानावर. दर गुरुवारी चारला सराव. फ्रेंचांचं राज्य होतं तेव्हाच्या संचारबंदीतसुद्धा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तारांखाली फडकी घालून वाजवलं, पण साठ वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही. वाद्यवृंदातलं कुणी गेलं, की त्याच्या खुर्चीवर चाळीस दिवस पांढरं कापड.

चौऱ्याण्णव साली डोंगरातल्या बंदूकवाल्यांनी गाणंबजावणं हराम ठरवलं. धमकीच्या चिठ्ठ्या आल्या. जलूलने त्या वस्तऱ्यावरचा फेस पुसायला वापरल्या. "अरे, रोज अख्ख्या गावाचे गळे माझ्या हातात असतात. मला कोण भिववतो?" असं वर तोंड करून म्हणायचा.

एका गुरुवारी तो साडेतीनला सरावाच्या खोलीत शिरला, तर त्याच्याच खुर्चीवर पांढरं कापड! किल्ल्या दोनच. दुसरी पुतण्याकडे, डफ वाजवणाऱ्या तौफीककडे, आणि तो कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता.

"काय रे हा चावटपणा? जिवंतपणीच पोचवलंस मला?"

"काका, आज तिथे बसू नका." तौफीक भिंत सोडून पुढे आला. "त्या डोंगरातल्यांनी विचारलं, खिडकीतून दिसतात त्यांतली म्हाताऱ्याची खुर्ची कुठली. मी सांगितलं हो! माझ्या पोरांची नावं घेतली त्यांनी."

"मेल्या!" जलूलने हात उगारला. तो वरच राहिला. "आणि मी नाही बसलो तर?"

खुर्ची रिकामी दिसली, की कोण फुटलं हे त्यांना कळणारच होतं, आणि मग तौफीकची पोरं सुटणार नव्हती.

मंडळी येऊ लागली. जलूलने सगळ्यांना दारातूनच परतवलं. व्हायोलिनवाली वासिला भडकली, "साठ वर्षांत झालं नाही ते आज? डोकं फिरलंय का, जलूलभाऊ?"

"फिरलंय. मागच्या गल्लीने जा, आणि ह्यालाही घेऊन जा."

"काका, मी थांबतो."

"चूप! तुझी पोरं लहान आहेत."

चार वाजले. जलूलने कापड भिरकावलं आणि खिडकीकडे तोंड करून बसला. भीती वाटत होती, फार वाटत होती. गज तारेवर टेकवला, तर हात असा कापला की सूर फाटला. "शी!" स्वतःवरच वैतागून तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा सुरुवातीपासून धरलं.