न लावलेली टेप

मी आयुष्यभर चाल मोजली. माणसांची आणि जनावरांची. पाऊल पडताना जमिनीवर किती भार येतो, गुडघा किती वाकतो, कंबर कुठे खचते, हे आकड्यांत मांडणं माझं काम होतं. नाशिकच्या एका कॉलेजात माझी प्रयोगशाळा होती. बारा पावलांची गुळगुळीत वाट, तिच्यात बसवलेली भार मोजणारी पाटी आणि भोवती कॅमेरे. त्या वाटेवर मी एका माणसाला ढोंगी ठरवलं. तो ढोंगी नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं आणि मी गप्प बसलो.

तो अंबडच्या एका कारखान्यात प्रेसवर कामाला होता. मांडीवर लोखंडी साचा पडून हाड मोडलं, पुढे जुळलं. कामावर परतला तो लंगडत. उभ्याने जमत नाही, बसून करायचं काम द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. कंपनीच्या डॉक्टरने दोन्ही पाय सारखे असल्याचं लिहून दिलं होतं. मग कंपनीचा अधिकारी माझ्याकडे आला.

"सर, तुमचं मशिन खोटं पकडतं म्हणे."

"मशिन नाही, माणसाची चालच त्याला पकडून देते," मी म्हणालो. हे वाक्य मी तेव्हा जागोजागी टाकत असे.

त्याने मोबाइलवर गेटजवळचं चित्रण दाखवलं. सकाळच्या गर्दीत तो माणूस जवळजवळ सरळ चालत होता. अधिकारी म्हणाला, "हे काम नीट झालं तर अशा अजून केसेस आहेत. नवे कॅमेरेही बघू." मला नवे कॅमेरे हवे होते.

तो आला तेव्हा बायको सोबत होती. निफाडकडची माणसं. दोघांनी दारातच पायातलं काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. ती चकचकीत वाट बघून माझ्याकडे येणारे सगळेच देवघरात शिरल्यासारखे अनवाणी आत येत आणि आम्हालाही ते बरं वाटे, वाट मळत नसे. माणूस ज्या बुटात चालतो त्या बुटातही तपासावा, हे मी स्वतः वर्गात शिकवत होतो.

"साहेब, बुटाचं एक सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"बोलायचं नाही. मशिनला बोललेलं कळत नाही. चाल."

तो चालला. डाव्या पावलाला सगळं अंग खाली जाई, मग उजव्यावर वर येई. अधिकारी खुर्चीत रेलून म्हणाला, "वा! गेटवर घोडा, इथं लंगडा घोडा." मी हसलो. तीन-चार फेऱ्यांत माझं काम झालं होतं. मी वीस चालवल्या.

"परत. या वेळी नाटक जरा कमी."

भिंतीशी उभी असलेली बायको म्हणाली, "बास करा ना साहेब. घाम बघा त्यांचा."

"बाई, तुम्ही बाहेर बसा."

आधी काही वर्षं मी बैलांच्या चालीवर काम केलं होतं. बैलाचा खूर दुखत असला तरी परका माणूस समोर आला की तो शक्य तितका सरळ चालतो. मी तिथेच बसून अहवालात लिहिलं, "जनावर दुखणं लपवतं; हा इसम मात्र कुणी पाहत असेल तेव्हाच लंगडतो." अधिकाऱ्याला ते वाक्य इतकं आवडलं की त्याने दोनदा मोठ्याने वाचलं. मी सही केली. कागद घेऊन तो निघाला.

मी अधिकाऱ्याला सोडायला दारापर्यंत गेलो. पायरीवर बसून तो माणूस बूट चढवत होता. डाव्या बुटातून काळ्या रबराचा जाड तुकडा बाहेर आला होता, मशिनच्या पट्ट्याचा, टाचेच्या आकारात कापलेला. त्याने तो आत दाबला, पाय घातला, उठला आणि जवळजवळ सरळ चालत गेटकडे गेला.

मला समजायला क्षणही लागला नाही. पाय आखूड होता. दहा रुपयांची टेप लावली असती तरी दिसलं असतं. तो बैलासारखंच करत होता, सगळ्यांसमोर सरळ चालायला रबर घालत होता. अधिकाऱ्याची गाडी अजून आवारातच होती. मी हात वर केला असता तर ती थांबली असती. मी आत जाऊन चहा मागवला.

त्याची नोकरी गेली. कॅमेरे आले. यापेक्षा वाईट म्हणजे त्याचं चित्रण मी दर वर्षी वर्गात दाखवत राहिलो. चेहरा झाकलेला, खाली लिहिलेलं, "ढोंगी चाल". मुलं हसत. हशा कमी पडला तर मी स्वतः तसं चालून दाखवत असे.

मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडून माझा खुबा मोडला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं करायला आलेल्या फिजिओथेरपीच्या मुलीने अ‍ॅप्रनच्या खिशातून टेप काढली. "आधी पाय मोजू, काका," ती सहज म्हणाली. डावा आखूड भरला. तेव्हापासून माझ्या बुटातही टाचेखाली रबराचा तुकडा आहे.

चालता येऊ लागल्यावर मी निफाडकडे त्याच्या गावी गेलो. तो घरात स्टुलावर बसला होता, शेजारी काठी. आता उजवा गुडघाही गेलेला. मी दारात बूट काढले आणि आत गेलो. बायकोने आधी ओळखलं.

"मशिनवाले साहेब."

मी सगळं सांगितलं. रबर पाहिल्याचंही.

"म्हंजे त्याच दिवशी कळलं व्हतं?" तिने विचारलं.

"हो."

"आन् मंग?"

मी खिशातून टेप काढली. "मोजू का?" त्याने पाय पुढे केला. मी कसाबसा खाली बसलो, कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले.

"तीन सेंटिमीटर कमी आहे."

"तीनच?" तो म्हणाला. "मला वाटलं, लय आसंल."

अहवाल चुकीचा होता असं लिहिलेलं पत्र मी पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. "कंपनी बंद झाली. लेकीच्या सोयरिकीला आलेल्या मानसानं विचारलं, नाटक करून घरी बसलेले ते तुमीच का? उठून गेला तो. त्याच्या मागं पळत जाऊन दाखवू हे?"

"मी छापून आणतो. तुमच्या नावानिशी."

"नाव नका लिहू. तुमच्या कागदावर एकदा नाव आलं, तेवढं बास झालं."

म्हणून इथे नाव नाही.

मी उठलो. बूट दाराशी होते, आठ-दहा पावलांवर. अनवाणी पहिलं पाऊल टाकताच कंबर डावीकडे खचली.

"आता गं बया," बायको मागून म्हणाली. "साहेब बी लंगडत्यात. खरं का नाटक?"

तो हसला. पहिल्यांदाच, मोठ्याने. दोघं बघत होते. मी पाठ ताठ केली आणि दारापर्यंत जमेल तितकं सरळ चालत गेलो.