थाळी आणि फुंकर
बाळ निळं पडलेलं बाहेर आलं आणि रडलंच नाही. माहेरी बाळंतपणाला आलेली माझी लेक गोधडीवर डोळे मिटून पडली होती, शेवगावहून दवाखान्याची गाडी अजून यायची होती. आमच्याकडे अशा वेळी बाळाच्या कानाशी थाळी वाजवतात, म्हणून मी पळीने थाळी बडवायला लागले. सुनेने आशा सेविकेचं काम नुकतंच धरलं होतं. भाकरी थापताना ती मोबाईलवर डॉक्टरबाईंचे बाळंतपणावरचे पॉडकास्ट ऐकायची आणि मी टोमणे मारायचे. तिने माझ्या हातातली थाळी काढून घेतली. "आत्या, ह्यानं काय व्हत न्हाई. कोरडं फडकं द्या." बाळ पुसून तिने पाठ चोळली, मान सरळ केली आणि त्याच्या तोंडानाकावर तोंड ठेवून हळू फुंकर घातली. "लेकराला मारतीस का गं?" मी म्हणाले. "गप ऱ्हावा, मोजतीय मी." थोड्या वेळाने बाळ कण्हलं, मग रडलं. तेवढ्यात लेकीखालची गोधडी रक्ताने भिजलेली दिसली. "आता हिचं बघ," मी म्हणाले. सून पांढरी पडली. "त्यो भाग अजून ऐकला न्हाई, आत्या." लेक गाडीतच गेली. नात जगली, आता पहिलीत आहे.