उल्काची सेवा

उल्काचा मला राग येतो, आणि तिला लुबाडणाऱ्यांचा त्याहून जास्त. इथे आखातात, गुदैबियात आमच्याच मजल्यावर राहते. मूळची चिपळूणची. बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन मुलांना गाणं शिकवते. नवरा हेमचंद्र एसी दुरुस्तीच्या कंपनीत. त्याचा पगार भाड्यात आणि वाणसामानात संपतो. मुलगा चिराग ईसा टाउनच्या शाळेत शिकत होता, तो केवळ ह्या क्लासच्या जोरावर.

फी महिना संपल्यावर घ्यायची, ही तिची खोड. "आपलीच माणसं आहेत, आधी कसं मागायचं?" म्हणायची. मी कपाळाला हात लावायचे.

यंदा गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमासाठी तिने मुलांचं एक गाणं बसवलं. रोजचा क्लास चालूच होता, हे गाणं आपलं शेवटी थोडा वेळ. महिना संपला. रिफासारख्या श्रीमंत भागात, व्हिलात राहणाऱ्या मेधाताई लेकीला न्यायला आल्या, तेव्हा मी तिथेच बसले होते. उल्काने चाचरत फी मागितली.

"कसली फी? बाप्पाची प्रॅक्टिस होती ना ती? सेवेचे कुणी पैसे घेतं का?"

"अहो, ते एकच गाणं. बाकी सगळा वेळ भूप शिकवला मी सावनीला."

"येस ममा, वी डिड भूप," सावनी मध्येच म्हणाली.

"तू गाडीत बस." मग मेधाताईंनी आवाज खाली आणला. "उल्काताई, तुम्ही नवऱ्याच्या व्हिसावर. क्लासला लायसन्स नाही. आम्ही कधी कुठे बोललो का? मग! खलास."

इतकं गोड हसून धमकी देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. हेमचंद्रची तर गाळण उडाली. "तक्रार गेली तर माझी नोकरी जाईल. सोडून दे," म्हणाला. तिने सोडून दिलं.

कार्यक्रमात तिला शाल-श्रीफळ दिलं. सूत्रसंचालन करणारा मयुरेश माइकवर ओरडला, "उल्काताईंनी एक फिल्सही न घेता मुलांना घडवलं! जोरदार टाळ्या!" मेधाताई पहिल्या रांगेत उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. आणि ही बया नारळ पोटाशी धरून वाकून नमस्कार करते! तिथेच तिने माती खाल्ली. चारशे माणसांसमोर कबूलच केलं, की ती सेवाच होती.

दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या आयांचे मेसेज सुरू झाले. 'तुम्ही घेत नाही हे माहीतच नव्हतं हो. आम्ही दिलेले पुढच्या महिन्यात वळते करा.' तिने केले. शाळेची टर्म फी भरता आली नाही, आणि चिरागला आजोळी पाठवावं लागलं.

क्लास चालू आहे. "आता कुणासाठी शिकवतेस? बंद कर ना," मी चिडून म्हटलं.

"बंद केला तर मेधाताई कुठेतरी बोलतील," ती म्हणाली, आणि लोकांच्या मुलांना सा लावून द्यायला बसली.