प्रश्न चौदावा आणि पूर्वेचा बांध

जवळा बाजारच्या आमच्या कॉलेजात नासेरभाई हेडक्लार्क आहेत, आणि खोटं लिहायचं म्हटलं की त्यांचा हातच चालत नाही. गळक्या खोलीपुढे 'सुस्थितीत' लिहा म्हटलं, तर हे 'गळते' लिहून मोकळे. असा माणूस ऑफिसात म्हणजे प्राचार्यांच्या डोक्याला ताप. मला मात्र तो फार आवडतो.

मागच्या वर्षी प्राचार्यांना परदेशी विद्यापीठाशी करार करायची हौस आली. मी इंग्रजीची मास्तरीण, म्हणून फॉर्मचं भाषांतर माझ्या गळ्यात. चौदावा प्रश्न होता: तुमची संस्था वादग्रस्त भूमीवर आहे का? त्यांना युद्ध, सीमा असलं काही विचारायचं होतं. नासेरभाईंनी लिहिलं, "होय. पूर्वेचा बांध. शेजारी मुंजाजी. एकोणीस वर्षं. प्रकरण कोर्टात." मी हसू दाबत त्याचं इमानेइतबारे इंग्रजी करून पाठवून दिलं.

प्राचार्यांनी नंतर प्रत वाचली आणि मेमो काढला, तोही एकट्या नासेरभाईंना. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, पेन्शनची फाईल साहेबांच्याच टेबलावर. मला स्वतःची लाज वाटली.

पंधरा दिवसांनी तिकडच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या शहराच्या मधून काटेरी तार गेलेली, अर्धं विद्यापीठ अलीकडे, अर्धं पलीकडे. म्हणून त्यांच्याशी करार करायला कुणी धजत नव्हतं. चौदाव्या प्रश्नाला 'होय' लिहिणारे तुम्हीच पहिले, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, शेजाऱ्याशी कसं निभावता? प्राचार्य भाषणाला घसा खाकरत होते, तोवर नासेरभाई बोलूनही गेले.

"त्याच्याच बोरचं पानी पिऊन राहिलो आमी. तारखेला हिंगोलीला एकाच जीपमधी जातो. भांडन आपल्या जागी."

मॅडमनी ते माझ्याकडून दोनदा इंग्रजीत ऐकून घेतलं आणि लिहून ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, उगाच कशाला लपवू?

करार ठरला. मेमो प्राचार्यांनी स्वतः फाडला, पेन्शनची फाईलही त्याच दिवशी पुढे सरकली. मॅडमची अट एकच होती, साक्षीदार म्हणून शेजाऱ्याची सही हवी. मुंजाजीभाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले, झोकात सही केली आणि खाली लिहिलं, 'बांधावरचा हक्क राखून.'

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. नासेरभाईंनी चष्मा चढवून ओळ वाचली.

"बराबर हाय," म्हणाले, आणि त्यावर कॉलेजचा शिक्का मारला.